इनास सरांना पांढरं करू नका

इनास सर गेल्याचं मला एका चित्रावरून कळलं. सकाळी शाळेत निघताना माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडला, तर सर समोर पांढऱ्याशुभ्र संगमरवरात उभे. कुरळी दाढी, खांद्यावरून घेतलेलं पायघोळ वस्त्र, डोळ्यांत बुबुळं नाहीत, मागे दोन उंच खांब. खाली लिहिलं होतं, ‘वसईचे ग्रीक ऋषी अनंतात विलीन.’ कुणीतरी सरांचा फोटो संगणकाला देऊन हे चित्र करून घेतलं होतं. सरांना जन्मात दाढी नव्हती. काळेसावळे, ठेंगणे, अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट घालणारे सर... त्यांचा तो पांढरा पुतळा बघून मला आधी संताप आला आणि ते गेलेत हे त्यानंतर डोक्यात शिरलं. दुपारपर्यंत त्या चित्राखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली होती. एकालाही वाटलं नाही की ज्या माणसानं तीस वर्षं घसा कोरडा करून ग्रीकांचा पांढरा रंग खोटा आहे हे सांगितलं, त्याला निरोप देताना निदान तो रंग तरी वापरू नये. रडू आलं ते संध्याकाळी, बोंबील साफ करताना.

सर आदल्या दुपारी गेले होते. पाचूबंदरच्या घरी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. आता चार महिने होत आले. रागाच्या भरात लिहू नये म्हणून मी थांबून पाहिलं, पण राग काही ओसरला नाही. तेव्हा लिहितेच. मात्र हा राग फक्त दुसऱ्यांवरचा नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. सरांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. ती मी बावीस वर्षांत कुणाला सांगितली नाही आणि शोकसभेत बोलायला उभी राहिले तेव्हा तर ती मी चक्क लपवली. ती सांगितल्याशिवाय सरांवर लिहिण्याचा मला हक्क नाही.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. प्राध्यापक इनास कोळी पाचूबंदरच्या मच्छीमार घरातले. त्यांचे वडील दुमिंगबाबा यांना समुद्र लागायचा. होडीनं बंदर सोडलं की उलट्या सुरू. कोळ्याच्या पोटी जन्मून ज्याला समुद्र लागतो त्याची गावात काय थट्टा होत असेल ते सांगायला नको. म्हणून दुमिंगबाबांनी ब्रश हातात घेतला आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्या रंगवल्या. चर्चमधल्या लाकडी संतांचा रंग उडाला की फादर त्यांनाच बोलावत. मुलाला त्यांनी सेमिनरीत पाठवलं, तिथं सर लॅटिन आणि ग्रीक शिकले. ग्रीक शिकवली जायची ती बायबल वाचण्यासाठी, सर मात्र त्या भाषेच्या बोटाला धरून पार मागे गेले, ख्रिस्ताच्याही आधीच्या अथेन्सपर्यंत, आणि धर्मगुरू व्हायला तीन वर्षं उरली असताना घरी परतले. गावात यावरही बोलणी खाल्ली. मग इतिहासात एम. ए. केलं आणि आमच्या कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवल्यानंतर कायम झाले. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. नावानं काही फरक पडत नाही.

मी अर्नाळ्याची. आई सुके बोंबील आणि जवळा विकायची, वडील दुसऱ्याच्या बोटीवर जायचे. मराठी शाळेतून दहावी-बारावी करून कॉलेजात आले तेव्हा आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अंगाला वास येत असेल या भीतीनं मी रोज इतकं अत्तर लावायचे की शेजारी बसणाऱ्या मुलीला शिंका यायच्या. आईला मी कॉलेजात कधी येऊ दिलं नाही. वसईच्या सोसायट्यांतून येणाऱ्या मुली फिकट रंगांचे कपडे घालायच्या, हळू बोलायच्या. तसं व्हायचं, एवढंच माझं ध्येय होतं.

दुसऱ्या वर्षी सरांचा पहिला तास. फळ्यावर काही न लिहिता त्यांनी विचारलं, “प्राचीन ग्रीस म्हटलं की कुठला रंग दिसतो?” वर्गातून एका सुरात उत्तर आलं, पांढरा. सर खूश झाल्यासारखे हसले. म्हणाले, “तुमच्यापैकी कुणी ग्रीसला गेलंय? मीही नाही गेलो. मग न बघितलेल्या देशाचा सगळ्यांना एकच रंग कसा दिसला? हा तुमच्या डोळ्यांत कुणी घातला?” त्या दिवशी तासभर त्यांनी जे सांगितलं ते मी आता माझ्या विरारच्या शाळेत नववीच्या मुलांना दरवर्षी सांगते. ग्रीक लोक आपल्या मूर्ती रंगवायचे. केस तांबूस किंवा काळे, ओठ लाल, वस्त्रांवर निळ्या-हिरव्या नक्षीचे काठ. देवळांवरसुद्धा निळा आणि लाल. शेकडो वर्षं मातीत आणि उन्हापावसात राहून तो रंग गेला. केसांच्या वळ्यांत, कानामागच्या खोबणीत कुठे कुठे कण उरले होते, पण खोदून काढणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी मूर्ती घासून धुतल्या. एका मोठ्या संग्रहालयात तर हत्यारांनी तासून त्यांना ‘स्वच्छ’ केलं गेलं. आणि मग युरोपातल्या पंडितांनी त्या धुतलेल्या दगडाकडे बघून सिद्धान्त मांडले, की खरं सौंदर्य बिनरंगाचं असतं, विवेक बिनरंगाचा असतो, रंगाची हौस ही मुलांची, बायकांची आणि रानटी लोकांची.

“इथपर्यंत ठीक होतं,” सर म्हणाले होते. “चूक कुणाचीही होते. पण त्या चुकीची त्यांनी फूटपट्टी केली आणि जगभरच्या माणसांची नाकं, कपाळं, कातडी मोजत सुटले. ती पट्टी आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांनी हौसेनं विकत घेतली. आजही लग्नाच्या जाहिरातीत ती दिसते.” आम्ही मुली खाली मान घालून हसलो. मीही हसले. माझा रंग सरांसारखाच.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि उघडीप मिळाली की रंगवतात. अशाच एका उघडिपीत सर आम्हाला पाचूबंदरला घेऊन गेले. दुमिंगबाबा एका होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पिवळ्या रंगाची वेलबुट्टी काढत होते. खाली लाल पट्टा, वर निळा, मध्ये क्रूस आणि क्रूसाच्या दोन्ही अंगांना दोन मासे. मी सोसायटीतल्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “किती भडक!” म्हाताऱ्यानं मान वळवली.

“कुठली गो तू?”

“अर्नाळ्याची.”

“अर्नाल्याची आनि भडक म्हनतेस? बाय, धुकं पडल्यावर तुजा बापूस आपली बोट कशी वलखतो? फिकट रंग धुक्यात जातो. लांबून दिसायला पायजे, त्यासाठी रंग.”

मुली खिदळल्या, मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. सर मात्र त्या उत्तरानं इतके आनंदले की तिथंच चिखलात उभं राहून त्यांनी आमचा तास घेतला. देवळाच्या छपराखाली उंच बसवलेल्या मूर्ती, खाली उभा असलेला माणूस, डोक्यावर भूमध्य समुद्राचं ऊन. रंग नसता तर त्या माणसाला वर काय चाललंय ते कळलंच नसतं. ग्रीकांच्या जहाजांच्या पुढच्या टोकावर डोळे रंगवलेले असत, हे सरांनी सांगितलं तेव्हा दुमिंगबाबा ब्रश न थांबवता म्हणाले, “मग? होडीला दिसायला नको?” आणि आमच्याकडे बघून, “हा माजा मुलगा चार भाषा शिकला. ब्रश अजून धरता येत नाय.”

असे हे सर. आणि त्यांना कॉलेजनं काय दिलं? परिसंवाद असला की सरांच्या वाट्याला विषय ठरलेला, ‘कोळी समाजाचे लग्नविधी’, फार तर ‘वसईचा किल्ला’. ग्रीसवर बोलायला मुंबई-पुण्याहून पाहुणे यायचे, ज्यांना ग्रीक लिपीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. सर मागच्या रांगेत बसून टिपणं घ्यायचे. एकदा चहाच्या वेळी अशाच एका पाहुण्यांनी गमतीनं विचारलं, “काय कोळी सर, तुमचा आणि ग्रीसचा काय संबंध?” सर शांतपणे म्हणाले, “माझे वडील होड्या रंगवतात, तेही रंगवत होते. तुमचा काय संबंध?” पाहुणे हसले, सगळे हसले. ते उत्तर विनोद नव्हतं हे ओळखणारं तिथं कुणी नव्हतं. त्यांनी लिहिलेले लेख परत यायचे. स्थानिक लोकजीवनावर काही असेल तर पाठवा, असं वर लिहून. म्हणजे कोळ्यानं कोळ्यांवरच बोलायचं आणि जगावर बोलायचा अधिकार दुसऱ्यांचा. हा कुठला न्याय?

पण मी कोणाकडे बोट दाखवतेय?

मुंबईत एका चित्रकला शिक्षकांनी आपला जुना वर्ग बंद केला तेव्हा सरांना तिथून प्लास्टरचं एक डोकं मिळालं होतं. एका ग्रीक मुलीच्या मूर्तीची खांद्यापर्यंतची प्रतिकृती. लांब वेण्या, ओठांवर किंचित हसू. चित्रकलेची मुलं समोर ठेवून काढतात तसं, अर्थातच पांढरं. सरांनी ते घरी नेलं आणि वडिलांपुढे ठेवलं. बापलेकांनी मिळून महिनाभर ते रंगवलं. सर सांगायचे कुठे कुठला रंग सापडला होता, आणि दुमिंगबाबा लावायचे. केसांना तांबडा गेरू, ओठांना लाल, वस्त्राच्या काठाला होडीचा निळा. डोळ्यांच्या कडा त्यांनी चर्चमधल्या मारियामायच्या मूर्तीला काढत तशा बारीक काळ्या रेघेनं काढल्या. शेवटी सरांचं न ऐकता वरून मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोळलं, होडीच्या लाकडाला चोळतात ते. त्यानं रंगाला चकाकी आली, आणि इतिहास विभागात मासळीबाजाराचा वास सुटला. डोकं विभागातल्या कपाटावर ठेवलेलं होतं. इतर प्राध्यापक नाक दाबून त्याला ‘जत्रेतली बाहुली’ म्हणायचे. सर म्हणायचे, “अडीच हजार वर्षांनी हिला कुणीतरी कपडे घातलेत, जरा वास सहन करा.”

मी तिसऱ्या वर्षाला असताना दुमिंगबाबा वारले. त्याच सुमारास कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. सगळीकडे रंगरंगोटी, कुंड्या, फलक. मी विद्यार्थी प्रतिनिधी होते. शनिवारी प्राचार्यांनी मला बोलावलं. इतिहास विभागातलं ते बुजगावणं समितीच्या नजरेस पडायला नको, म्हणाले, आणि फेकूनही द्यायला नको, पुतळा चांगला आहे. “त्याला मुळात असतो तसा पांढरा रंग देऊन टाक. तू हुशार मुलगी आहेस, नीटनेटकं काम करशील.” आणि रविवारी, कॉलेजात कुणी नसताना, शिपायानं काढून दिलेला पांढऱ्या तैलरंगाचा डबा घेऊन मी ते डोकं पांढरं केलं. तेलकटपणामुळे रंग धरत नव्हता, म्हणून दोन हात दिले. त्याच रविवारी पाचूबंदरच्या चर्चमध्ये दुमिंगबाबांचा महिन्याचा मिस्सा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, होती. मला ते माहीत होतं. वर्गातल्या सगळ्यांनी जायचं ठरलं होतं, मी काम आहे म्हणून सांगितलं.

मला कुणी धमकावलं नव्हतं. प्राचार्यांनी मला हुशार म्हटलं याचाच मला आनंद झाला होता. आणि याहून वाईट म्हणजे रंग वाळल्यावर दोन पावलं मागे होऊन मी त्या डोक्याकडे पाहिलं आणि मला ते सुंदर वाटलं. आता कसं सभ्य दिसतंय, असं वाटलं. वर्षभर सरांच्या पुढे बसून, टिपणं काढून, परीक्षेत त्याच प्रश्नाला सगळ्यांत जास्त गुण मिळवून मला ते सुंदर वाटलं!

सोमवारी सर आले, कपाटासमोर थांबले. विभागात आम्ही चार-पाच जण होतो.

“कोणी केलं?”

“मी, सर.”

त्यांनी डोकं खाली उतरवलं, खिडकीशी नेलं, फिरवून फिरवून पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. “हात चांगला बसलाय,” ते म्हणाले. “ब्रशच्या रेघा दिसत नाहीत.” आणि ते परत कपाटावर ठेवून तासाला निघून गेले. समितीच्या अध्यक्षांनी त्या पांढऱ्या डोक्याकडे बघून विभागाच्या अभिरुचीचं कौतुक केलं. सर हात मागे बांधून उभे होते.

त्यानंतर सरांनी माझ्यासाठी काय केलं नाही? बी. एड.च्या प्रवेशासाठी शिफारसपत्र दिलं, पुस्तकं दिली, मुलाखतीच्या आदल्या दिवशी दोन तास बसवून प्रश्न विचारले. आज मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेले आणि एकदाचं बोलून टाकावं म्हणून सुरुवात केली, “सर, ते डोकं...” सर म्हणाले, “पेढे दे आधी.” पेढा खाऊन त्यांनी दुसरं काहीतरी बोलणं काढलं. मी सुटले. तेव्हा मला ते मन मोठं असण्याचं लक्षण वाटलं. आता वाटतं की ऐकून घेतलं असतं तर मला हलकं वाटलं असतं, आणि इतक्या स्वस्तात मी हलकं व्हावं हे त्यांना मान्य नसावं. पण हेही माझंच म्हणणं. विचारायला सर नाहीत.

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली. ज्यांनी सरांना ग्रीसवर एक तास बोलू दिलं नाही ते सगळे व्यासपीठावर होते. एकजात सगळ्यांनी ‘ग्रीक ऋषी’ हा शब्द वापरला. एक वक्ते म्हणाले, कोळीवाड्यात ज्ञानाचं कमळ उगवलं. जणू कोळीवाडा म्हणजे चिखलच! मग संस्थेच्या कार्यवाहांनी जाहीर केलं की कॉलेजच्या दारातल्या बागेत सरांचा अर्धपुतळा बसवायचा, शुभ्र संगमरवरात, ग्रीक पद्धतीनं. नमुना म्हणून पडद्यावर तेच चित्र, दाढीवालं, बिनबुबुळांचं. पुतळा समितीच्या नावांत माझंही नाव वाचलं गेलं.

मी उभी राहिले. म्हटलं, हा सरांचा अपमान आहे. पुतळा करायचाच असेल तर सर दिसायचे तसा करा आणि रंगवा.

“मॅडम, रंगीत?” कार्यवाह हसले. “गणपती आहे का?”

“गणपती रंगीत चालतो ना तुम्हाला? हात जोडता ना त्याला?”

“तसं नव्हे हो. बाहेर असतो पुतळा. वर्षात रंग उडेल.”

“मग पुन्हा लावायचा. पाचूबंदरला दरवर्षी लावतात.”

सभागृहात हशा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, नारळी पौर्णिमेला पूजाही करा. तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडले की याच कॉलेजनं दुमिंगबाबांनी रंगवलेलं डोकं त्यांच्या महिन्याच्या मिस्साच्या दिवशी पांढरं फासलं होतं, बाप जाऊन महिना झालेल्या मुलाला सोमवारी ते बघायला लावलं होतं, आणि आज तेच हात त्या मुलालाही पांढरं फासायला निघालेत. मागच्या रांगेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले आणि टाळ्या ऐकता ऐकता लक्षात आलं, मी ‘कॉलेजनं’ म्हणाले. ‘तेच हात’ म्हणाले. व्यासपीठावरच्या कुणाच्याही हातात त्या रविवारी ब्रश नव्हता.

ठराव मंजूर झाला. मी समितीतून नाव काढून घेतलं, त्यांनी ते आनंदानं काढलं.

सरांच्या महिन्याच्या मिस्साला मात्र मी गेले. मिस्सा संपल्यावर त्यांच्या बहिणीनं, कतरीनमावशीनं, घरी चल म्हटलं. सरांनी लग्न केलं नव्हतं, दोघं भावंडं एकत्र राहायची. मावशीनं आयुष्यभर पाचूबंदरच्या लिलावात मासळी घेऊन बाजारात विकली. तिचा आवाज अजून लिलावातलाच आहे. घरात शिरताच तिनं सुरुवात केली, “कालेजवाले आलते फोटो मागायला. म्हटलं, नाय देनार. त्या दाढीवाल्याचा करताय ना? मग करा त्याचा. माजा भाव त्यात नाय.” मी सरांच्या खोलीत गेले. आणि खिडकीतल्या टेबलावर ते डोकं होतं.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी ते घरी आणलं होतं. पण आता ते पांढरं नव्हतं. डावी बाजू पूर्ण मोकळी झालेली, तांबड्या वेण्या, लाल ओठांचा अर्धा भाग, काळ्या रेघेचा डावा डोळा. वरचा पांढरा थर पापुद्र्यासारखा काढला होता. म्हाताऱ्यानं हट्टानं चोळलेल्या मुशीच्या तेलामुळे माझा रंग आतल्या रंगाला नीट चिकटलाच नव्हता. शेजारी दाढीचं पातं, त्याला दोऱ्यानं बांधलेली काडी, कापूस आणि भिंग.

“रोज दुपारी अर्धा तास बसायचा,” मावशी म्हणाली. “धा वर्सं. मी म्हनायची, अरे, एकदम खरवड ना. तर म्हनायचा, बाबांचा रंग निघंल.” मग तिचा आवाज चढला. “कुन्या मेल्यानं फासलं हे, त्याचं नाव नाय सांगितलं कदी. मी शाप द्यायची, तर म्हनायचा, देऊ नको, पोर चांगली हाय. चांगली पोर असं करील? माज्या बापाच्या मिस्साच्या दिवशी?”

बावीस वर्षं एक बाई मला ओळखत होती, मला चहा देत होती, आणि मलाच न ओळखता शाप देत होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं, सरांनी तशी सोय करूनच ठेवली होती.

“मावशी, ती मी,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. उठून बाहेर गेली. मोरीत पाण्याचा आवाज येत राहिला. मी जावं की थांबावं ते कळेना. मग हात पुसत आली, टेबलापुढची खुर्ची ओढून उजेडाकडे वळवली.

“चष्मा आनलास?”

“हो.”

“मग बस. तो कान ऱ्हायलाय. कानात बारीक काम हाय.”

आता दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी पाचूबंदरला जाते. एका बैठकीत नखाएवढा तुकडा निघतो, कधी तेवढाही नाही. पातं आडवं धरायचं, दाब द्यायचा नाही, पापुद्रा सुटला की फुंकर मारायची. कॉलेजच्या बागेत चौथरा बांधून झाला आहे म्हणतात. उजवा गाल, कपाळाचा अर्धा भाग आणि एक अख्खी वेणी अजून माझ्या रंगाखाली आहे. मावशी समोर स्टुलावर बसते आणि मी संपवून पातं खाली ठेवीपर्यंत माझ्या हातावरची नजर काढत नाही. त्या खोलीत तिनं मला अजून एकदाही एकटीला बसू दिलेलं नाही.